थोड्या आकड्यांतला खेळाडू



लहानपणी आपण सगळ्यांनी भिडू मागितले आहेत. दोन कॅप्टन समोरासमोर, बाकीची पोरं रांगेत, आणि आळीपाळीने एकेकाचं नाव. ज्याला कुणी मागत नाही तो शेवटी उरतो आणि ‘राहू दे तुझ्याकडेच’ म्हणून कुठल्यातरी बाजूला ढकलला जातो. अमेरिकेतल्या एनबीएचा ड्राफ्ट म्हणजे मुळात हेच भिडू मागणं. कॅप्टन तीस, फेऱ्या दोन, आणि गेल्या हंगामात तळाला राहिलेल्यांना साधारणपणे आधी मागायची संधी. आयपीएलसारखा लिलाव नाही, बोली नाही. नाव घेतलं की भिडू तुमचा.

आमचा हेब्बाळमधला सहा-सात जणांचा मराठी कंपू गेली काही वर्षं हा खेळ संगणकावर खेळतो. ‘बास्केटबॉल जीएम’ नावाचा फुकटचा गेम आहे, ब्राउझरमध्ये चालतो. त्यात चेंडू हातात येत नाही. तुम्ही संघाचे व्यवस्थापक. खेळाडू घ्यायचे, सोडायचे, करार करायचे आणि निकाल बघायचा. मुळात तो एकट्याने खेळायचा गेम, पण लीगची फाइल एकमेकांना पाठवून आम्ही तो सामायिक केलाय. पैसे लावत नाही. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आल्यापासून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हरणाऱ्याने सगळ्यांना मिसळ खिलवायची, एवढीच जोखीम. बंगळुरूत बरी मिसळ शोधायची म्हणजे तीही कमी नाही.

तर ड्राफ्टच्या दिवशी समोर साठ-सत्तर पोरांची यादी येते. एकोणीस ते बावीस वयाची. प्रत्येकासमोर उंची, वय आणि काही आकडे: आज किती चांगला आहे आणि पुढे किती चांगला होऊ शकेल. गंमत अशी की हे आकडे खरे नसतात. गेम मुद्दाम त्यात थोडी चूक मिसळतो. स्काउटिंगवर जास्त खर्च केलात तर चूक कमी, कमी केलात तर जास्त. पण शून्य कधीच नाही. आणि एकदा दिसलेला चुकीचा आकडा पुन्हा पान उघडलं तरी तोच दिसतो. दहा वेळा बघितल्याने माहिती दहापट होत नाही. एखाद्या पोराचे यूट्यूबवरचे तेच हायलाइट्स दहा वेळा बघून ‘मी याचा अभ्यास केलाय’ म्हणणारे लोक तुम्हाला माहीत असतील. दुसऱ्या काही गेममध्ये गुणांकन दिसतच नाही, फक्त मोजक्या सामन्यांची आकडेवारी मिळते. इतके पॉइंट्स, इतके रिबाउंड्स, इतक्या थ्री-पॉइंटरपैकी इतके आत. दोन्हीकडे प्रश्न एकच. थोडक्या, डळमळीत आकड्यांवरून माणूस ओळखायचा कसा?

मी या प्रश्नाकडे बास्केटबॉलमधून आलेले नाही. मी आले वळूंमधून.

हसू नका. मी मूळची सांगलीकडची. या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर, १९५८ साली सुरू झालेल्या हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात मी पशु-आनुवंशिकी शिकले. आता कंपनीत डेटाचं काम करते, पण आयुष्यात उपयोगी पडलेलं एकमेव सूत्र तिथलंच आहे. ते सांगते.

दुधासाठी वळू निवडायचा आहे. अडचण लगेच लक्षात येईल: वळू दूध देत नाही. ज्या गुणासाठी त्याला निवडायचं तो गुण त्याच्या अंगावर दिसतच नाही. शिंगं, वशिंड, चाल, कातडीची चमक बघून पैदाशीचा वळू ठरवणारे जाणते लोक गावोगावी होते, अजून आहेत. पण मुलगी किती दूध देईल हे चालीवरून कळत नाही. म्हणून त्याच्या मुलींचं दूध मोजायचं, त्याच कळपातल्या बरोबरीच्या गाईंशी ताडून बघायचं आणि त्यावरून बापाची किंमत ठरवायची. ड्राफ्टमधल्या पोराचंही तसंच. तो ज्या लीगमध्ये खेळणार आहे तिथे अजून खेळलेलाच नाही. आपण त्याचं दुसरीकडचं काहीतरी बघून इथला अंदाज करतोय.

आता दोन वळू घ्या. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. पहिल्याच्या ५ मुली दुधात आल्या आणि एका वेतात बरोबरीच्या गाईंपेक्षा सरासरी ४०० लिटर जास्त दिलं. दुसऱ्याच्या ४५ मुली, सरासरी २०० लिटर जास्त. कोणता घ्याल?

मी हे जिथे जिथे विचारते तिथे निम्मे हात पहिल्यासाठी वर जातात. चारशे म्हणजे दोनशेच्या दुप्पट! पण पाच मुलींपैकी एखादीला चांगला गोठा मिळाला असेल, एखादीची आईच भारी असेल, एखादीच्या मालकाने पेंड जास्त घातली असेल. दुधाची आनुवंशिकता साधारण पाव, म्हणजे गाईगाईंमधल्या फरकाचा चौथा भाग जनुकांतून येतो असं धरलं, तर हिशोब असा बसतो: मुलींची संख्या भागिले मुलींची संख्या अधिक पंधरा. तेवढाच हिस्सा खरा मानायचा. पाच मुली असतील तर पाच भागिले वीस, म्हणजे पाव. चारशेचा पाव शंभर. पंचेचाळीस मुली असतील तर पंचेचाळीस भागिले साठ, म्हणजे पाऊण. दोनशेचा पाऊण दीडशे. दुसऱ्या वळूच्या पुढच्या मुली जास्त दूध देतील असा अंदाज. चारशेवाला हरला.

तो पंधरा आकडा काय आहे? मी त्याला पासंग म्हणते. तराजूची पारडी समान व्हावीत म्हणून वाणी हलक्या बाजूला एक लहानसं वजन बांधतो, तो पासंग. इथे आपण प्रत्येक वळूच्या नावावर आधीच पंधरा काल्पनिक, अगदी सरासरी मुली मांडून ठेवतो. मग त्याच्या खऱ्या मुली येतील तशा त्यात मिसळायच्या. खऱ्या मुली पाचच असतील तर काल्पनिक पंधरा त्यांना सरासरीकडे ओढून नेतात. खऱ्या पंचेचाळीस आल्या की काल्पनिकांचं फारसं चालत नाही. माहिती कमी असेल तर सरासरीजवळ राहा, जास्त असेल तर माणसाजवळ जा. बस, एवढंच. जगभरचा दुग्धव्यवसाय आज याच विचाराच्या वाढवलेल्या रूपावर चालतो.

हे फक्त गुरांचं नाही. १९७७ साली ब्रॅडली एफ्रन आणि कार्ल मॉरिस या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या हंगामातले १८ बेसबॉलपटू घेतले. प्रत्येकाच्या फक्त पहिल्या ४५ संधी बघितल्या आणि उरलेल्या हंगामाचा अंदाज केला. रोबेर्तो क्लेमेंते तेव्हा .४०० वर होता, म्हणजे शंभरात चाळीस. उरलेल्या हंगामात तो .३४६ वर आला. थोर खेळाडू तो होताच, पण पहिल्या ४५ संधींनी दाखवला तेवढा नाही. प्रत्येकाचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढल्यावर एकूण चूक, वर्गांच्या हिशोबाने, साडेतीन पटींच्या आसपास कमी झाली. ओढण्याचं गणित चार्ल्स स्टाइन यांनी आधीच मांडलं होतं. प्रत्येक खेळाडूवर थोडा थोडा अन्याय करून सगळ्यांचा मिळून न्याय होतो. हे पचायला जड आहे, आणि तसं ते असायलाच हवं. त्याकडे मी परत येईन.

आधी बास्केटबॉलमध्ये पासंग किती, ते बघू. खरी मजा इथे आहे, कारण प्रत्येक आकड्याचा पासंग वेगळा.

फ्री थ्रो घ्या. समोर कुणी अडवायला नाही, अंतर ठरलेलं, घाई नाही. समजा या वयाची मुलं सरासरी ७५ टक्के टाकतात आणि खऱ्या कौशल्यात त्यांच्यात साधारण १० टक्क्यांचा इकडेतिकडे फरक आहे. हिशोब केला तर पासंग येतो सुमारे १८ शॉट्स. थ्री-पॉइंटरची सरासरी समजा ३५ टक्के, आणि खेळाडूंमधला खरा फरक चारच टक्क्यांचा. पासंग येतो सुमारे १४०! का? कारण जिथे माणसामाणसांतला खरा फरक लहान आणि एकेका शॉटमधलं नशीब मोठं, तिथे नशिबालाच गुण समजण्याचा धोका जास्त. पासंग जड ठेवावा लागतो.

आता पडद्यावरची दोन पोरं बघा. ‘अ’ने ४० पैकी २० थ्री टाकल्या, म्हणजे ५० टक्के. फ्री थ्रो मात्र २० पैकी १२. ‘ब’ने ४० पैकी १२ थ्री, म्हणजे ३०. फ्री थ्रो ६० पैकी ५४. आमच्या कंपूत ‘अ’वर उड्या पडतात. पन्नास टक्के थ्री! पासंग घालून बघा. ‘अ’ची थ्री ३८ वर येते, ‘ब’ची ३४ वर. वीस टक्क्यांची दरी चारवर आली. फ्री थ्रोची दरी तीसवरून एकोणीसवर येते, म्हणजे तिच्यातलं बरंच काही शिल्लक राहतं. ‘अ’ पुढे नेमबाज होईल हे त्याच्या थ्रीवरून जेवढं वाटतं तेवढं पक्कं नाही, आणि ‘ब’चा हात चांगला आहे हे त्याचे फ्री थ्रो बऱ्यापैकी ठामपणे सांगतात. खऱ्या एनबीएचे अभ्यासकही होतकरू पोराच्या नेमबाजीचा अंदाज करताना फ्री थ्रोकडे एवढं लक्ष देतात ते याचसाठी.

रिबाउंड्स, ब्लॉक्स यांचा पासंग हलका. तिथे उंचीमुळे माणसामाणसांत खराच मोठा फरक असतो आणि तो लवकर दिसतो. प्रत्येक सामन्यातले पॉइंट्स हा मात्र अगदी फसवा आकडा. तो खेळाडूइतकाच प्रशिक्षकाचा असतो. किती मिनिटं उतरवलं, चेंडू किती वेळा दिला, संघात दुसरा कुणी होता का. मी तो रकाना झाकून ठेवते.

आतापर्यंत मी आकडे थोडे असण्याबद्दल बोलले. पण थोडे असणं हे दुखणं त्यातल्या त्यात बरं. त्याला पासंग हे औषध आहे. वाकडे असणं वाईट.

सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे. आपल्याकडे त्यांचं नाव आहाराच्या वादांमुळे जास्त ऐकू येतं, पण पेशाने ते संख्याशास्त्रज्ञ होते. पूर्वी पीक किती आलं ते शेत बघून, नजरेने ठरवायचे. आणेवारी म्हणतात ती. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याऐवजी चिठ्ठ्या टाकल्यासारखं कुठलंही शेत निवडायचं, त्यातला ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढंच कापून मळून तोलायचं ही पद्धत देशभर रुजवली. पीक कापणी प्रयोग. तुमच्यापैकी शेतीवाले असतील त्यांना पीक विम्यामुळे तो शब्द चांगलाच ठाऊक असेल. त्या काळात वाद झाला तो तुकड्याच्या मापावरून. बंगालमध्ये महालनोबिस अगदी लहान तुकडे कापत होते. स्वस्त पडतं, लवकर होतं. सुखात्म्यांनी १९४६ साली ‘नेचर’मध्ये दाखवलं की लहान तुकड्यातून उत्पन्न फुगून दिसतं. नुसतं डळमळीत नाही, एकाच बाजूला फुगून. कारण साधं आहे. दोरीच्या कडेवरचं ताट आत धरायचं की बाहेर? कापणारा माणूस ते आत ओढतो. मोठ्या तुकड्यात कडेवरची ताटं एकूण पिकाच्या मानाने कमी. लहान तुकड्यात तीच जास्त.

ड्राफ्टमधल्या प्रत्येक पोराच्या आकड्यांत अशी कडेवरची ताटं असतात. पाच सामने खेळला, पण त्यातले दोन दुबळ्या संघांविरुद्ध. प्रशिक्षकाने त्याला तेव्हाच उतरवलं जेव्हा तीस पॉइंट्सची आघाडी होती आणि समोरच्यांनी हात टाकले होते. दुखापतीतून परतल्यावरचे वाईट सामने ‘ते धरू नका’ म्हणून वगळले. शंभर सामन्यांच्या आकडेवारीत ही ताटं हरवून जातात, पाच सामन्यांत तीच पीक होऊन बसतात. म्हणून मी आकडा बघायच्या आधी विचारते, हे पाच सामने कुणी निवडले? हेब्बाळमध्ये रविवारी सकाळी सात वाजता घर बघायला येणारा माणूस मान्यता टेक पार्कला दहा मिनिटांत पोचतो आणि लगेच डिपॉझिट भरतो. त्याने मोजलेलं अंतर चुकीचं नव्हतं.

आणि एक ताट आपण स्वतः आत ओढतो. सत्तर पोरांच्या धूसर आकड्यांतून सगळ्यांत वरचा उचलला, तर तो वर का आहे? थोडा गुणामुळे आणि थोडा त्याच्या वाट्याला आलेली चूक त्याच्या बाजूने पडल्यामुळे. यादीच्या डोक्यावरचा आकडा सरासरीने फुगलेलाच असतो. आमच्या कंपूत ‘पहिल्या नंबरचा फुसका निघाला’ म्हणून दरवर्षी गेमला शिव्या बसतात. गेमने काही केलेलं नसतं. २०१३ च्या खऱ्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँडने पहिल्या क्रमांकावर अँथनी बेनेटला घेतलं. चार हंगामांत तो एनबीएबाहेर होता.

त्याच ड्राफ्टमध्ये पंधराव्या क्रमांकावर मिलवॉकीने यानिस आंतेतोकुंपोला घेतलं. ग्रीसच्या दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळणारा अठरा वर्षांचा मुलगा. पुढच्या वर्षी निकोला योकिच एक्केचाळिसावा गेला, आणि पुढे २०२१, २०२२ आणि २०२४ साली त्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. इथे कुणीतरी नक्की विचारतं, बाई, तुमच्या पासंगाने हे दोघे सापडले असते का? सगळ्यांना सरासरीकडे ओढायचं म्हटलं की असामान्य माणूस मिळणार कसा?

प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की अंदाज ही एक गोष्ट आणि निवड ही दुसरी. अंदाज सरासरीकडे ओढायचाच. पण दोन पोरांचा अंदाज सारखाच आला, तरी एकाबद्दल आपल्याला खूप माहिती असते आणि दुसऱ्याबद्दल काहीच नसते. बावीस वर्षांचा, चार वर्षं कॉलेजात खेळलेला, तो साधारण तेवढाच राहणार. अठरा-एकोणीसचा, कुठल्यातरी आडबाजूच्या लीगमधला, तो शून्यही निघेल किंवा बरंच काही. बास्केटबॉलमध्ये मैदानावर एका वेळी पाचच जण असतात. एक असामान्य माणूस संघ उचलून नेतो आणि बाकावर बसलेला पंधरावा माणूस वाईट निघाला तर फारसं बिघडत नाही. म्हणून उशिराच्या क्रमांकावर, जिथे गमावण्यासारखं थोडं आहे, तिथे मी ज्याच्याबद्दल माहिती कमी त्याला घेते. लवकरच्या क्रमांकावर ज्याचा पुरावा जास्त त्याला. बहुतेक लोक उलट करतात. वर असताना स्वप्नं बघतात, खाली असताना सावध होतात.

२०१५ साली डॅलसने बावन्नाव्या क्रमांकावर पंजाबच्या सतनामसिंग भामराला घेतलं. सात फूट दोन इंच, वय एकोणीस, अमेरिकेतल्या अकादमीतून थेट आलेला. कॉलेजचा एकही सामना नाही. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. पुढे तो एनबीएच्या हंगामात एकदाही उतरला नाही, आणि आपल्याकडे ती निवड फसली म्हणून नाकं मुरडली गेली. मला ते पटत नाही. बावन्नाव्या क्रमांकावर असाच माणूस घ्यायचा असतो. बहुतेक वेळा तो चालत नाही, हे त्या जागेच्या किमतीतच धरलेलं आहे.

वयाबद्दल एक जोडून टाकते. या गेममध्ये वयाइतका विश्वासू आकडा दुसरा नाही. एकोणीसचा आणि बावीसचा आज सारखेच असतील तर एकोणीसचा घ्या, डोळे झाकून. खऱ्या आयुष्यात मात्र आपल्याकडे तोच आकडा सगळ्यांत डळमळीत. महाराष्ट्रात एका पिढीतल्या हजारो लोकांचा वाढदिवस १ जूनला का येतो ते तुम्हाला माहीत आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख लिहून टाकली. आज वयोगटांच्या स्पर्धांमध्ये तारीख सोयीसाठी नाही, फायद्यासाठी बदलते. क्रिकेट मंडळ त्यासाठी मनगटाच्या हाडांचा एक्स-रे काढतं. आणि तारीख अगदी खरी असली तरी चौदा वर्षांखालच्या गटात जानेवारीत जन्मलेली मुलगी डिसेंबरच्या मुलीपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असते. त्या वयात वर्षभरात काय फरक पडतो ते आईबापांना सांगायला नको. आपण उंची निवडतोय असं समजून जन्ममहिना निवडत असतो.

आता मघाशी बाजूला ठेवलेली गोष्ट. गेममध्ये भिडू चुकला तर मिसळ. पण मी गेली दोन वर्षं शनिवार-रविवार इथल्या मुलींच्या बास्केटबॉलमध्ये मदत करते. आपल्याकडे बास्केटबॉलला मैदान मिळणं हीच मारामारी. तरी पुण्याच्या शिरीन लिमये भारताच्या संघाच्या कर्णधार झाल्या, आणि २०१७ साली इथेच, कंठीरवा स्टेडियममध्ये, आपल्या मुलींनी आशिया चषकाच्या ‘ब’ गटाच्या अंतिम सामन्यात कझाकस्तानला हरवलं. त्यामुळे मुली येतात. एका निवडचाचणीचं वेळापत्रक माझ्या हातात आलं होतं. साठेक मुली, बारा जागा, एक सकाळ. प्रत्येकीला दहा फ्री थ्रो, मग एक लहान सामना. संध्याकाळी यादी.

दहा शॉट्सचं गणित करून बघा. जी मुलगी खरोखर ७० टक्क्यांची आहे, ती दहातले पाच किंवा त्याहून कमी टाकेल याची शक्यता १५ टक्के. जी खरोखर ५० टक्क्यांची आहे, ती सात किंवा जास्त टाकेल याची शक्यता १७ टक्के. म्हणजे प्रत्येक सहा-सात चांगल्या मुलींमागे एक त्या सकाळी सुमार दिसणार आणि प्रत्येक सहा सुमारांमागे एक चांगली. यात निवड करणाऱ्यांची लबाडी नाही, आळस नाही. नुसते दहा शॉट्स.

आणि इथे पासंगही पुरत नाही. पासंग सांगतो की या मुलीबद्दल ठामपणे काही म्हणू नका. पण यादी तर संध्याकाळी लावायची आहे! शिवाय मी म्हटलं होतं, प्रत्येकावर थोडा अन्याय करून सगळ्यांचा न्याय होतो. साठ मुलींच्या यादीकडे बघणाऱ्याला ते पटेल. त्या तेरा वर्षांच्या एकीला नाही, आणि तिला पटावं अशी अपेक्षाही मी करणार नाही. त्याहून मोठी गोष्ट पुढे घडते. निवडलेल्या बारा जणी रोज सराव करतात, सामने खेळतात, त्यांचे आकडे वाढत जातात. त्यांच्याबद्दलची आपली चूक आपोआप दुरुस्त होते. गळलेल्यांचा आकडा दहावरच थांबतो, कायमचा. आपण चुकलो होतो हे आपल्याला कधी कळतच नाही. वर्षभराने आपण म्हणतो, बघा, निवडलेल्या मुली किती पुढे गेल्या.

वळूवाल्यांनी हे कसं सोडवलं? मुली जन्मून, मोठ्या होऊन, विऊन, त्यांचं तीनशे पाच दिवसांचं वेत मोजून व्हायला पाच-सहा वर्षं जातात. तेवढा काळ वळूबद्दल काहीच ठरवता येत नसे. मग त्यांनी काय केलं, तर ठरवलंच नाही. रेत गोठवून द्रवनत्रात ठेवलं, मोजक्या मात्रा वेगवेगळ्या गावांत वाटल्या आणि वाट बघितली. उरुळी कांचनच्या बायफसारख्या संस्थांमुळे गोठलेलं रेत आपल्या खेड्यापाड्यांतल्या दारात आलं ते कृत्रिम रेतनासाठी. पण माझ्या दृष्टीने त्या नळकांड्यांची खरी करामत ही, की निकाल लांबणीवर टाकता येतो आणि मधल्या काळात कुणाचं दार बंद होत नाही.

मुलींना गोठवून ठेवता येत नाही. पण यादी बाराची न लावता चोवीसची लावता येते. आम्ही तसं करून घेतलं, बऱ्याच वादावादीनंतर. चेंडू तेवढेच, मैदान तेवढंच, म्हणून दोन तुकड्या आणि एक दिवसाआड सराव. प्रत्येक सरावाच्या शेवटी, दमलेल्या असताना, दहा फ्री थ्रो. एक आई वहीत लिहिते. सहा आठवड्यांत अठरा सराव झाले तर प्रत्येकीचे १८० शॉट्स. पासंग १८ चा, पुरावा १८० चा. हिशोबाच्या भाषेत, आता जवळजवळ सगळा भार मुलीवर. जन्ममहिना नावापुढे लिहायचा, उंची नाही. आणि उरलेल्या छत्तीस जणींना निरोप ‘निवड झाली नाही’ असा नाही, तर पुढच्या तारखेसह ‘पुन्हा या’ असा.

त्यातल्या किती परत येतात? पहिल्या वेळी अकरा आल्या. बाकीच्यांच्या घरी फोन करायचं काम सध्या चालू आहे. त्यासाठी कन्नड चांगलं बोलणारी दोन माणसं हवी आहेत. इथे कुणी असेल तर कार्यक्रम झाल्यावर मला भेटा. वही मी सोबत आणलीय, ज्यांना आकडे बघायचे असतील त्यांनीही या.